रद्दीत निघालेला फडांचा इतिहास

कॅनडातील बर्फावरच्या हॉकीचा विख्यात खेळाडू वेन ग्रेट्स्की याचे चित्र छापलेला पुठ्ठ्याचा एक तुकडा २०२१ साली साडेसदतीस लाख डॉलरना विकला गेला. आपल्या रुपयांत ही रक्कम तेव्हाच्या दराने सुमारे सत्तावीस कोटी भरली. तळहातात मावणारा हा तुकडा १९७९ साली काही सेंटांच्या पाकिटात बबलगमबरोबर मुलांच्या हाती पडत असे. ही हकिकत कराडच्या एस. टी. स्थानकावर कोणाला सांगितली तर ऐकणारा प्रथम हसेल आणि मग हळूच विचारील, की तसा एखादा तुकडा आमच्या माळ्यावर सापडेल काय?

तो सापडणार नाही. परंतु प्रश्न अगदीच वेडगळ नाही. खेळाडूंच्या या चित्रांचा जन्म खेळाच्या प्रेमातून झाला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटची पाकिटे कागदाची आणि मऊ असत. आतील सिगारेट मोडू नये म्हणून त्यांत पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. पुठ्ठा घालावयाचाच तर त्यावर चित्र का छापू नये, अशी कोणा व्यापाऱ्याची बुद्धी चालली. नट्या, सेनापती, पक्षी, बेसबॉलपटू आणि १९१० च्या सुमारास कॅनडात हॉकीपटू असे करीत सारे जग त्या पाकिटांत येऊन बसले. मुलांनी ती चित्रे जमविली, त्यांची अदलाबदल केली, जुगार खेळले. आणि मुले मोठी झाल्यावर त्यांच्या आयांनी ती केराच्या टोपलीत टाकली. आजची दुर्मिळता, आणि म्हणूनच आजची किंमत, ही पुष्कळशी त्या मातांची कृपा आहे.

या छंदाला शास्त्राचे रूप दिले ते जेफर्सन बर्डिक या माणसाने. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूजच्या एका विजेच्या सामानाच्या कारखान्यात तो साधा कामगार होता. अविवाहित, संधिवाताने जखडलेला. अशा तीन लाखांहून अधिक छापील कागदांचा संग्रह त्याने केला, त्यांची वर्गवारी लावून सूची प्रसिद्ध केली आणि सर्व संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देऊन टाकला. देऊन तो घरी बसला नाही. आखडलेल्या बोटांनी एकेक चित्र वह्यांत चिकटविण्याचे काम त्याने संग्रहालयातच वर्षानुवर्षे केले. १९६३ च्या जानेवारीत ते संपले आणि दोनच महिन्यांत तो वारला. आजच्या कोट्यवधींच्या लिलावांत मात्र त्याने पाडलेल्या वर्गांची अक्षरे अजून वापरली जातात.

आता आपल्याकडे वळू. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत खेळाडूंची चित्रे पाकिटातून कधी आली नाहीत, असे नाही. काडेपेटीवरची चित्रे आणि सिगारेटची रिकामी पाकिटे हे आमच्या पिढीचे चलन होते, आणि पुढे बबलगमच्या वेष्टनांतून क्रिकेटपटूही आले. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांची छायाचित्रे मासिकांतून कापून वहीत चिकटविणारे विद्यार्थी एकेकाळी घरोघर असतील. पण हे सारे उसने. या मातीचे स्वतःचे, अस्सल, खेळाडूचे नाव-गाव आणि मुखडा घेऊन आलेले छापील कागद म्हणजे कुस्तीच्या मैदानांच्या जाहिराती होत. त्या जमविणारे लोक आहेत. ते थोडे आहेत, विखुरलेले आहेत, आणि घरच्यांच्या दृष्टीने किंचित वाया गेलेले आहेत. प्रस्तुत लेखक त्यांच्यापैकीच एक असल्याने हे विधान अनुभवाचे समजावे.

कुंडलचे मैदान, औंधच्या यमाईची यात्रा, पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, किंवा कोणत्याही लहान गावचा उरूस घ्या. यात्रेआधी काही दिवस तांबड्या-पिवळ्या हलक्या कागदाचे पत्रक पिंपळाच्या पारावर, केशकर्तनालयात, दूध संस्थेच्या भिंतीवर लागते. वर ग्रामदैवताचे नाव, खाली ‘कुस्त्यांचे जंगी मैदान’. मग एक नंबरची जोड, दोन नंबरची जोड, प्रत्येकाच्या नावामागे ‘पै.’, खाली तालीम, वस्ताद आणि इनामाची रक्कम. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग ही कोल्हापूरच्या तालमींची नावे वाचता वाचताच खेड्यातील पोरांना पाठ झालेली असतात. शेवटी संयोजक, पंच आणि हलगीवाला. छायाचित्रातला पैलवान दोन्ही हात छातीशी बांधून असा उभा असतो, की छपाईची शाई फिसकटली तरी त्याची छाती फिसकटत नाही.

एवढ्या एका कागदात इतिहासकाराला काय नाही? इनामाच्या आकड्यांवरून गावाची ऐपत कळते. देणगीदारांच्या यादीत साखर कारखाना केव्हा शिरला आणि जमीनदार केव्हा बाहेर पडला हे कळते. कोणत्या तालमीला कोणत्या खेड्यांतून मुले जात, कोणता पैलवान किती वर्षे पहिल्या जोडीत टिकला आणि कधी चौथ्या जोडीत उतरला, हेही कळते. गणपत आंदळकर शिराळा तालुक्यातील पुनवतचे, मारुती माने मिरज तालुक्यातील कवठेपिरानचे. दोघेही हिंदकेसरी, आणि १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत दोघांनीही सुवर्णपदक मिळविले. त्यांची पदके नोंदली गेली आहेत. पण पदकापर्यंत पोहोचण्यापूर्वी असे मल्ल गावोगावच्या ज्या शेकडो कुस्त्या खेळतात, त्यांची नोंद कोणत्या दप्तरात मिळणार? ती असलीच तर या पत्रकांत असते.

अर्थात पत्रकावर आंधळा विश्वास ठेवू नये. जाहिरातीत नाव आहे म्हणजे कुस्ती झाली असे नव्हे; पैलवान आयत्या वेळी न येणे ही जुनी तक्रार आहे. छापखान्यात एकाच पैलवानाचा ठसा वर्षानुवर्षे वापरला जाई, त्यामुळे पत्रकातला मल्ल पंचविशीचा आणि आखाड्यात उतरलेला पस्तिशीचा, असाही प्रकार घडे. म्हणूनच ज्या पत्रकाच्या पाठीवर एखाद्या जुन्या शौकिनाने पेन्सिलीने ‘घिस्स्यावर चितपट’ किंवा ‘बरोबरीत’ असे लिहून ठेवले आहे, ते पत्रक आमच्या लेखी कोऱ्या करकरीत पत्रकाहून मोलाचे. अमेरिकेतील बाजार याच्या नेमके उलटे सांगतो. तेथे कोपरा किंचित दुमडला तरी किंमत कोसळते. कागदाने काही सोसलेले नसावे, हाच तेथे गुण!

खाशाबा जाधवांचे उदाहरण या संदर्भात टाळता येत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ साली हेलसिंकीला गेला तो लोकवर्गणीवर आणि प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या सात हजार रुपयांवर. त्याने कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच स्पर्धेत आपल्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले, आणि देशाचे डोळे साहजिकच तिकडे लागले. गोळेश्वरच्या परिसराने मात्र दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक काढली. खाशाबांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो त्यांच्या मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. आणि २०१७ साली, त्यांच्या नावाची कुस्ती प्रबोधिनी आश्वासन मिळूनही उभी राहत नाही म्हणून, ते पदकच लिलावात काढण्याचा विचार कुटुंबीयांना जाहीर करावा लागला. ध्यानचंदांचे टपाल तिकीट १९८० साली निघाले, ते योग्यच झाले. पण ज्या पदकाची अशी आबाळ, तेथे पत्रकांची काय कथा?

या कागदांचा शत्रू केवळ अनास्था नाही, कृष्णाही आहे. २०१९ च्या ऑगस्टमधील पुरात सांगलीच्या जुन्या जिल्हा नगर वाचनालयाची फार मोठी ग्रंथसंपदा भिजून गेली. जेथे कपाटातल्या ग्रंथांची ही गत, तेथे नदीकाठच्या घरांतील पत्र्याच्या ट्रंकांत काय काय लगदा होऊन गेले असेल, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. काही वर्षांपूर्वी मी साठेक पत्रकांचे एक बाड एका ग्रंथालयाला विश्वासाने दिले. वर्षभराने चौकशी केली तेव्हा ‘नोंद करण्याजोगे काही नव्हते’ असे उत्तर मिळाले. रद्दीच्या दुकानापर्यंत जाऊन आलो. उशीर झाला होता.

तरीही खासगी संग्रह हा शेवटचा मुक्काम असू नये, असे माझे मत आहे. संग्राहक मरतो आणि मुले घर आवरतात. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली एका लहानशा संस्थानात चित्र-शिल्पांचे संग्रहालय उभे केले. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारा हा राजा व्यायाम आणि कला यांना परके मानीत नव्हता. त्याच जिल्ह्यात कुस्तीच्या कागदांसाठी एक कपाट मिळू नये, हे पटत नाही. खर्च फार नाही: आम्लरहित कागदाची पाकिटे, पुराच्या पातळीच्या वरचा मजला, प्रत्येक पत्रकाचे छायाचित्र आणि बसून नोंदी करणारा एक माणूस. प्लॅस्टिकमध्ये गरम करून चिकटविण्याचा, म्हणजे लॅमिनेशनचा, मोह मात्र संग्राहकांनी कटाक्षाने टाळावा. ते पुन्हा सुटत नाही आणि कागद आतच कुजतो. जुन्या पैलवानांकडून निकाल विचारून पाठीवर मऊ पेन्सिलीने लिहावेत. हे काम आजच करावयास हवे. कागद एखादे वेळी थांबेल, सांगणारा थांबणार नाही.

फलटण तालुक्यातील आसूची वैष्णवी फाळके भारताच्या हॉकी संघातून खेळली. कॅनडात असती तर तिचे चित्र एव्हाना पोरांच्या खिशांत असते. येथे ते गावच्या स्वागत-फलकावर लागते, आणि फलक उतरला की त्याचे कापड गवताच्या गंजीवर झाकायला जाते.

माझ्या संग्रहात वाळवा तालुक्यातील एका यात्रेचे पत्रक आहे. वरचा कोपरा उंदराने खाल्लेला, त्यामुळे सालाचा शेवटचा आकडा गेला आहे. ते ज्यांच्याकडून मिळाले त्या आजींनी त्याच्या पाठीवर महिनाभराच्या दुधाचा हिशेब लिहून ठेवला होता. त्यातील दराची दूध संस्थेच्या जुन्या वह्यांशी ताडणी करून साल ठरविता येईल असे वाटते. पुढच्या आठवड्यात तिकडे जाणार आहे.