सांगलीचा आयर्विन पूल

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा कऱ्हाडास कोयनेला पोटात घेऊन सांगलीच्या घाटाखालून वाहू लागते, तेव्हा वर्षाकाळी सांगली आणि सांगलीवाडी यांच्यामध्ये तिचे पात्र असे विस्तीर्ण पसरते की, पूल नव्हता त्या काळी नावेवाचून पैलतीर गाठण्यास अन्य मार्ग नसे, आणि नदी फुगली म्हणजे तोही खुंटून रयतेचा बाजारहाट अडून राही. ही अडचण दूर झाली ती सांगली संस्थानचे अधिपती श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या कारकिर्दीत. १९२९ साली हा पूल खुला झाला आणि तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचे नाव त्यास मिळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर आयर्विन यांनी वसाहतीचे स्वराज्य हे हिंदुस्थानचे उद्दिष्ट असल्याचे जाहीर केले, १९३१ साली गांधीजींशी त्यांचा करार झाला, १९४८ साली सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. दरबार गेला, व्हाइसरॉयची गादीही गेली, पुलाचे नाव मात्र लोकांच्या तोंडी कायम राहिले.

परंतु या पुलाची खरी थोरवी दळणवळणापलीकडची आहे, असे मला मनापासून वाटते. कृष्णेची पातळी येथे मोजली जाते. ४० फुटांस इशारा आणि ४५ फुटांस धोका, ही मर्यादा सांगलीतील शाळकरी पोरासही मुखोद्गत असते, आणि श्रावणात घरोघरी पहिला प्रश्न निघतो तो ‘आयर्विनला किती फूट?’ हाच. गावात थेंबही पडत नसताना पाणी चढावे, याचे नवल परगावच्या माणसास वाटते. पण सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळलेला पाऊस आणि कोयना धरणातून सोडलेला विसर्ग कऱ्हाडावरून खाली सरकत येतो, आणि शहराच्या अंगाशीच, हरिपुरास, वारणा कृष्णेस मिळते. वारणाही भरून आली असली म्हणजे कृष्णेच्या पाण्यास पुढे वाट मिळत नाही, ते मागे तुंबते, आणि सूर्यवंशी प्लॉटासारख्या सखल वस्तीत सर्वांआधी शिरते. खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा यात कितीसा हात, यावर महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालू आहे. २००५ साली महापूर आला. २०१९च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांपुढे गेले आणि निम्मे शहर नावांतून फिरू लागले. २०२१ साली पुन्हा पन्नाशी ओलांडली.

आता शेजारी नवा पूल उभा राहिला असल्याने जुन्याची गरज संपली, असे म्हणणारे भेटतात. त्यांचे मत मला मान्य नाही. एकाच ठिकाणी, एकाच खुणेवर घेतलेल्या नोंदी असल्यामुळेच २००५चा पूर आणि २०१९चा पूर आपण शेजारी ठेवून पारखू शकतो; म्हणून त्या खुणा आणि त्या धारण करणारे खांब यांची डागडुजी सालोसाल व्हावी, आणि तिचा खर्च पूरनियंत्रणाच्या खात्यातच धरला जावा.