कान्हेरीच्या पोढ्या

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सहा-सात किलोमीटर आत गेले की कान्हेरीची टेकडी लागते. तिकीट काढून वर आलेले लोक बहुतेक थेट तिसऱ्या लेण्याकडे, म्हणजे चैत्यगृहाकडे वळतात. व्हरांड्यातल्या सातेक मीटर उंचीच्या दोन बुद्धमूर्ती पाहतात, अकराव्या लेण्यातल्या ‘दरबारा’त डोकावतात आणि ऊन चढायच्या आत खाली उतरतात. टेकडीवर शंभराहून अधिक लेणी आहेत. त्यांतली उरलेली पाहायची राहिली, याची रुखरुख कोणाला लागत नाही, कारण त्यांत ‘बघण्यासारखे’ काही नाही अशी समजूत आहे. एक ओटा, एक खोली, फार तर भिंतीत कोरलेला निजायचा बाक आणि दाराबाहेर पाण्याचे टाके. कान्हेरी समजून घ्यायची असेल तर सुरुवात नेमकी या टाक्यापासून करावी, असे मला वाटते. इथल्या प्राकृत शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटले आहे, आणि लेण्यांच्या अभ्यासकांत तोच शब्द आजही चालतो. सुमारे हजार वर्षे इथे एक मठ नांदला. त्याचे शिल्प अधूनमधून अर्धवट राहिले, पण पाण्याची आणि पैशाची व्यवस्था पहिल्यापासून नेमकी होती. कान्हेरी टिकली ती या व्यवस्थेमुळे.

पाचव्या लेण्याजवळची पोढी पाहा. कातळात खोल खणलेली, वर अरुंद तोंडाची, आणि तिच्या माथ्यावर एक झिजलेला संस्कृत लेख. पाणी साठवण्याची ही जागा शतेरक नावाच्या अमात्याने दान दिली, एवढेच त्यात सांगायचे होते. पण सांगताना तो लेख सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख करतो, आणि ही राणी कार्दमक कुळातली, एका महाक्षत्रपाची मुलगी असल्याचे नोंदवून जातो. महाक्षत्रपाचे नाव खडक फुटल्याने ‘रु’ या अक्षरापाशी तुटले आहे. तो रुद्रदामन असावा, असे अभ्यासक मानतात. इ.स. 150 च्या सुमारास याच रुद्रदामनाने जुनागढच्या खडकावर कोरून ठेवले, की दक्षिणापथाच्या सातकर्णीला त्याने दोनदा जिंकले, पण जवळच्या नात्यामुळे समूळ उखडले नाही. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या सोयरिकीचा दुवा असा आपल्याला एका टाक्याच्या माथ्यावर सापडतो. जुनागढचा लेखही मुळात फुटलेल्या धरणाच्या दुरुस्तीचा आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या काळी राज्यकर्त्याला आपले पुण्य नोंदवावेसे वाटे ते पाण्यापाशी.

पाण्यावर एवढा भर का, याचे उत्तर साष्टीच्या भूगोलात आहे. आज अंधेरीपासून मुलुंडपर्यंतचा सगळा उपनगरी पट्टा आपण जमीन म्हणूनच ओळखतो, पण हे बेट आहे: उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, दक्षिणेला माहीमची, पश्चिमेला समुद्र. भरतीच्या पाण्याने वेढलेल्या बेटावरचा मठ म्हटले की जगाला फ्रान्समधले मों-सँ-मिशेल आठवते. इ.स. 966 मध्ये तिथे बेनेडिक्टाइन साधू राहायला आले आणि भरती चढली की त्यांची वाट बंद होई. कान्हेरीची गोष्ट उलटी आहे. इथल्या खाड्या हीच वाट होती. उल्हास नदीच्या मुखाने कल्याण, खाडी ओलांडून सोपारा, किनाऱ्याने दक्षिणेला चौल अशी त्या काळची बंदरे या बेटाला बाजूने बिलगलेली होती. कान्हेरीला जगापासून तोडले ते पावसाने. जून ते सप्टेंबर ओढे भरून वाहतात, पायवाटा निसरड्या होतात, आणि भिक्षूंच्या नियमानुसार हाच वर्षावासाचा, एका जागी थांबण्याचा काळ. त्या चार महिन्यांत पडणारे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी उरलेल्या आठ महिन्यांसाठी धरून ठेवले नाही, तर टेकडीवर मार्चनंतर कोणी राहूच शकत नाही.

म्हणून लेण्यांच्या कपाळावर कोरलेल्या पन्हळी नुसती कलाकुसर समजू नयेत. डोंगराच्या उतारावरून वाहत येणारे पाणी त्या अडवतात, लेण्याच्या तोंडावरून बाजूला वळवतात आणि पोढीत नेऊन सोडतात. एकाच खाचेने दोन कामे होतात: आत राहणारा माणूस कोरडा राहतो आणि त्याचे टाके भरते. प्रत्येक लेण्याची पोढी शक्यतो त्याच्या दाराशीच आहे. शंभर माणसांनी एका विहिरीवर रांग लावण्यापेक्षा ज्याचे त्याने आपले पाणी राखावे, असा हा विचार दिसतो. याशिवाय मोठे पाणी अडवण्यासाठी ओढ्यावर बांध घातल्याच्या खुणाही आहेत. ही सगळी रचना एका राजाच्या एका हुकुमाने झालेली नाही. लेणी वाढली तसतशी ती शतकानुशतके वाढत गेली, तरी तिची रीत मोडली नाही, हे मला त्यातले सर्वांत विलक्षण वाटते.

यावर कोणी म्हणेल, पोढ्या तर भाजे-कार्ल्याला आहेत, नाशिकला आहेत, जुन्नरला तर कितीतरी. मग कान्हेरीचे वेगळेपण काय? आक्षेप खरा आहे. तंत्र सह्याद्रीतल्या सगळ्या लेण्यांचे एकच. पण जुन्नरची लेणी वेगवेगळ्या डोंगरांवर पांगलेली आहेत, आणि कार्ले-भाज्याला राहण्याच्या खोल्या मोजक्या. कान्हेरीत ओढ्याच्या दोन्ही काठांनी, एकावर एक ओळींनी, कोरीव पायऱ्यांनी जोडलेली एक अख्खी वस्ती आहे. पूजेचे घर, निवासाच्या खोल्या, लांब दगडी बाकांची सभेची जागा आणि वस्तीबाहेर मृतांची जागा, असे गावाचे सगळे भाग तिथे ओळखता येतात. सत्त्याऐंशीव्या लेण्याच्या बाजूला, पुढे आलेल्या कड्याखाली विटांच्या लहान लहान स्तूपांचे अवशेष आहेत. तिथे सापडलेल्या लेखांत दिवंगत स्थविरांची नावे आहेत. आपल्या मृतांना नावानिशी जपणारी जागा मुक्कामापुरती नसते.

पैशाची व्यवस्थाही तितकीच विचारपूर्वक होती. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या सोळाव्या राज्यवर्षात कल्याणच्या अपरेणुक नावाच्या उपासकाने एक लेणे दिले. सोबत दोनशे कार्षापणांची अक्षयनीवी आणि मंगलस्थान गावातले शेत दिले. अक्षयनीवी म्हणजे मुद्दलाला हात न लावता उत्पन्नावर चालवायची कायमची ठेव. त्या उत्पन्नातून इथे राहणाऱ्या भिक्षूच्या चीवराचा खर्च भागायचा होता. मंगलस्थान म्हणजे आजचे मागाठाणे, जिथे आता मेट्रोचे स्टेशन आहे. त्या जमिनीच्या पिकावर कधीकाळी टेकडीवरच्या भिक्षूचे वस्त्र येत होते, हे मला कोणत्याही मूर्तीइतकेच मोलाचे वाटते. दात्यांची यादी वाचली तर तीत राजे थोडे आणि कामकरी-व्यापारी अधिक: सोनार, लोहार, मणिकार, वाणी, आणि स्वतः भिक्षुणीही. पुढे राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, शके 775 मध्ये, गौड देशातून, म्हणजे बंगालमधून आलेल्या अविघ्नाकराने इथे शंभर द्रम्मांची ठेव ठेवली. त्याच शतकातल्या दुसऱ्या एका लेखात विहाराची दुरुस्ती, वस्त्रे आणि ग्रंथ यांच्यासाठी वेगवेगळी रक्कम लावून दिली आहे. दुरुस्तीसाठी आधीच तरतूद करणारी संस्था स्वतःच्या आयुष्याचा हिशेब शतकांत करत होती.

मग वैराग्याचे काय, हा प्रश्न अनेकांना टोचतो. घरदार सोडलेल्या माणसांना ठेवी, शेते आणि बंदरांची जवळीक कशाला? मला यात विसंगती दिसत नाही. या ठेवी संघाच्या नावे होत्या. एकटा साधू झाडाखाली राहू शकतो. शेकडो जणांनी एकत्र राहून अध्ययन करायचे असेल तर कोणीतरी अन्नवस्त्राची घडी बसवावीच लागते. ती बसली की भिक्षूला रोज दात्याच्या दारी जाऊन त्याची मर्जी सांभाळावी लागत नाही. बाजारापासून एका मजलेवर, पण बाजाराच्या गलबल्याबाहेर, असे नेमके अंतर कान्हेरीने साधले. इ.स. 494 च्या सुमाराच्या त्रैकूटक ताम्रपटात ‘कृष्णगिरी महाविहार’ असा तिचा उल्लेख येतो, आणि तिथे चैत्य बांधणारा बुद्धरुची सिंधू देशातून आलेला आहे. बंगाल आणि सिंध, दोन्हीकडून माणसे यावीत इतकी ही टेकडी ठाऊक होती.

शिल्पाची थोरवी मी कमी करतो आहे, असे कोणाला वाटेल. नव्वदाव्या लेण्यातला भक्तांना संकटांतून तारणारा अवलोकितेश्वर किंवा एक्केचाळिसाव्या लेण्यातला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर पाहून कोणीही थांबेल. पण चैत्यगृहातले चौतीस खांब जरा बारकाईने पाहा. काहींचे पाये कुंभाच्या आकाराचे आणि शिरे हत्तींनी सजवलेली आहेत, तर बाकीचे साधे अष्टकोनी, कोरकाम न झालेले राहिले. दोन व्यापारी भावांनी सुरू केलेले हे काम कुठेतरी थांबले, आणि पुढच्या शतकांतल्या कोणी ते पुरे केले नाही. त्यानंतरही नवी लेणी निघत राहिली, आणि त्यांच्या दाराशी पोढ्या येतच राहिल्या. मठाने कशाला उशीर चालवून घेतला आणि कशाला नाही, हे यातून दिसते.

एवढी पक्की व्यवस्था होती तर मठ बंद का पडला? पाणी आटले म्हणून पडला नाही, एवढे पोढ्याच सांगतात. आसरा गेला तो पोशिंद्यांचा: बंदरांचे महत्त्व बदलले, राजघराण्यांचा आणि व्यापाऱ्यांचा ओढा दुसऱ्या देवळांकडे गेला. इ.स. 1009 आणि 1021 मध्ये आलेल्या पारशी पाहुण्यांनी नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीत आपली नावे कोरली. 1534 मध्ये साष्टी पोर्तुगीजांकडे गेल्यावर फ्रान्सिस्कन पाद्री टेकडीवर पोहोचले, आणि जवळच मंडपेश्वरच्या शैव लेण्यावर त्यांनी आपला मठ आणि विद्यालय उभारले. 1737 मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली तेव्हा त्या मठाचेही दिवस भरले. ब्रिटिश अमलात याच डोंगरांतला पाऊस अडवून 1860 मध्ये विहार आणि 1879 मध्ये तुळशी तलाव पुरे झाले, आणि मुंबईच्या नळांना पाणी आले. कान्हेरीच्या पन्हळींना मात्र कोणी हात लावला नाही. जूनमध्ये पहिल्या मोठ्या सरीनंतर कातळावरून पाणी त्याच खाचांतून खाली येते, पाचव्या लेण्यापाशी शतेरकाच्या लेखाखालची पोढी भरते, आणि भरली की काठावरून ओढ्याकडे वाहू लागते.