एक पत्रिका, तीन वाचक

लग्नपत्रिका कोणत्या लिपीत छापावी? उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही, वाचकहो! फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांची ही वसाहत; ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजोबांची सिंधी अरबी लिपीतली, नातवंडांना देवनागरी जवळची, आणि शेजारी मराठी!

अशा तीन पत्रिका म्हणजे तीन वेगळ्या जुळण्या. मुहूर्त बदलला, दोहोंत दुरुस्ती झाली अन् तिसरीत राहिली, की पाहुणे भलत्याच वेळी मांडवात!

संगणकावरील ‘इनडिझाइन’मध्ये २००८ साली यावर तोड आली, ‘कंडिशनल टेक्स्ट’. मजकुराच्या तुकड्यांना ‘अरबी’, ‘देवनागरी’, ‘मराठी’ अशा खुणा लावायच्या. तारीख-वेळेचे इंग्रजी आकडे मात्र बिनखुणेचे, एकदाच. हवी ती खूण उघडी ठेवून बाकीच्या झाकल्या की पत्रिका तयार. दुरुस्ती एका जागी, लागू तिन्हींना.

मात्र एक पथ्य पाळावे. अरबी लिपी उजवीकडून डावीकडे जाते, खूणही चुकून भलत्या ओळीला लागते. म्हणून छपाईपूर्वी प्रत्येक प्रत वेगळी वाचावी. मजकूर झाकणे-उघडणे यंत्राला जमते. तो नीट वाचता येतो की नाही, हे आजोबांनाच विचारावे!