वादळामागून येणारा पत्रेवाला

आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही श्रोत्यांना वाटेल की, पुण्यामुंबईस पक्क्या गच्चीखाली राहणाऱ्या कुटुंबांचा पत्र्याशी काय संबंध? संबंध आहे. आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील, चुलते, निदान वडिलोपार्जित घराचा एखादा सोपा अजून बारामती-इंदापूरकडे आहे. छप्पर तिकडे उडते आणि त्याचे पैसे इकडून जातात. वादळाच्या दुसऱ्या दिवशी गावाहून फोन येतो, "पत्रेवाला दारात उभा आहे, निम्मे पैसे आत्ताच पाठव म्हणतो." बोलणे संपते न संपते तोच मोबाइलवरून पैसे रवाना होतात. या घाईचा व्यापार कसा चालतो, हेच मला आज सांगावयाचे आहे.

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. या पट्ट्यातील जुनी घरे धाब्याची; जाड मातीचे ते छप्पर पावसाने गळे, परंतु वाऱ्यास दाद देत नसे. त्याच्या जागी पत्रा आला. तो पाणी उत्तम काढतो, पण वजनास हलका. आणि या मुलखात चैत्र-वैशाखातला वळीव येतो तो आधी वारा घेऊन येतो. वारा छपरास खाली दाबतो असा आपला समज असतो. वास्तविक कमी उताराच्या छपरावरून वेगाने जाणारा वारा पत्र्यास वर ओढीत असतो. ही ओढ कडांशी आणि कोपऱ्यांशी सर्वांत अधिक असते. एका बाजूने उघडा गोठा असेल तर आत शिरलेला वारा त्यास खालूनही उचलतो. म्हणून पुष्कळदा पत्रा उडतो तो वाईट पत्रा म्हणून नव्हे, तर वाईट बांधला म्हणून.

अलीकडे वळीव कोठे संपतो आणि मोसमी पाऊस कोठे सुरू होतो हेही कळेनासे झाले आहे. २५ मे २०२५ रोजी मुसळधार पावसात नीरा डावा कालवा बारामती तालुक्यात पिंपळी-लिमटेकजवळ फुटला, घरांत व शेतांत पाणी शिरले आणि बारामती-इंदापूरकडे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके धाडावी लागली. अशा दिवसांत डोक्यावरचे छप्पर आज हवे असते, आठ दिवसांनी नव्हे. दारी आलेल्या विक्रेत्याचे सारे भांडवल या एका गोष्टीत आहे.

तो बोलतो ते सगळेच खोटे असते असे नाही, आणि तीच खरी अडचण. "माल संपत आला, उद्या भाव चढेल," हे तो म्हणतो ते कधीकधी खरेही असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागेच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, तेव्हा रायगड-रत्नागिरीत पत्रे, कौले आणि कारागीर यांची एकदम टंचाई पडली, आणि चढ्या भावाच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून येऊ लागल्या. पाऊस तोंडावर होता. लोक ताडपत्री बांधून बसले होते. चढा भाव मागणे आणि फसविणे या दोन गोष्टी मात्र भिन्न आहेत. दर दिसतो, त्यास नाही म्हणता येते. न दिसणारी गोष्ट म्हणजे पत्र्याची जाडी, आणि फसवणुकीस खरा वाव आहे तो तेथे.

पत्रा बहुधा फुटावर विकला जातो. दहा फूट लांबीचा पत्रा ०.५० मिलिमीटरचा असो की ०.३५ चा, जमिनीवरून पाहणाऱ्यास दोन्ही सारखेच निळे आणि सारखेच चकचकीत. पोलादाचे वजन मात्र लपत नाही. ०.५० मिलिमीटर जाडीच्या एका चौरस मीटर पोलादी पत्र्याचे वजन चार किलोस किंचित कमी भरते, ०.३५ चे पावणेतीन किलो. पन्हळी पाडण्यापूर्वी चार फूट रुंद असलेला दहा फुटी पत्रा धरला, तर एक सुमारे साडेचौदा किलोचा आणि दुसरा सव्वादहाच्या आतबाहेर. फरक चार किलोंहून अधिक! येथे विक्रेत्याची एक पळवाटही जाणून घ्यावी. सांगितलेली जाडी जस्त आणि रंग यांसकट की निव्वळ पोलादाची, हे तो आपण होऊन सांगत नाही. रंगासकट ०.५० असेल तर आतले पोलाद ०.४५ च्या सुमाराचे असू शकते आणि वजन तेरा किलोंच्या आसपास येईल; ती लबाडी नव्हे, पण ते आधी बोलले गेले पाहिजे. आपला ऊस-उत्पादक शेतकरी कारखान्याच्या काट्यावर शंभर किलोंसाठी भांडतो, काटामारीवर रात्र रात्र बोलतो. तोच मनुष्य दारात उतरलेला पत्रा वजन न करता घेतो, याचे मला नवल वाटते. किराणा दुकानातील तराजूवर एक पत्रा गुंडाळून ठेवला तरी पुरे.

दुसरी कसर आकड्यांत आणि स्क्रूंत केली जाते. एक पत्रा दुसऱ्यावर पुरेसा चढवावा लागतो, कडेच्या ओळीत स्क्रू मधल्यापेक्षा जवळजवळ हवेत, आणि प्रत्येकाखाली रबराचा वायसर हवा. घाईने काम उरकणारा नेमकी कडेची ओळ विरळ सोडतो, कारण खालून ती दिसत नाही. पुढच्या वळवास हाच पत्रा पुन्हा उडतो. तोवर कारागीर दुसऱ्या तालुक्यात गेलेला असतो.

याहून गंभीर वचन म्हणजे, "पंचनाम्याचे मी पाहतो." पंचनामा तलाठी आणि ग्रामसेवक यांनी करावयाचा असतो, त्यास पैसे पडत नाहीत, आणि मंजूर मदत थेट बँकेच्या खात्यात येते. मध्यस्थास तेथे काही पाहावयाचे उरतच नाही. उलट पंचनाम्याआधीच मोडके पत्रे उचलून नवे टाकले, तर नुकसान दाखवायचे कशावर? २०२२ ते २०२६ या मुदतीसाठी ठरलेल्या निकषांप्रमाणे सपाट प्रदेशातील पूर्ण पडलेल्या घरास १,२०,००० रुपये, आणि किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घरास ६,५०० व कच्च्या घरास ४,००० रुपये होते. म्हणजे पत्रे उडालेल्या बहुतेक घरांस सरकारी रक्कम चार-पाच पत्र्यांपुढे फारशी जात नाही. जो कोणी "सरकारी पैशांत सगळे बसवून देतो" म्हणतो, त्यास हे आकडे ऐकवावेत.

अमेरिकेत या धंद्यास वादळाचा पाठलाग करणाऱ्यांचा धंदाच म्हणतात. गारपीट झाली की परप्रांतीय ठेकेदार दारोदार फिरतात. पण तेथे छपराचे पैसे बहुधा विमा कंपनी देते, आणि लबाडीचा रोख तिच्याकडे असतो. टेक्सास राज्याने २०१९ साली, विमेदाराने भरावयाचा वाटा ठेकेदाराने माफ करण्यावर बंदी घातली. फ्लोरिडाने २०२३ पासूनच्या पॉलिसींपुरती विम्याचे हक्क ठेकेदाराच्या नावे लिहून देण्याची प्रथा बंद केली. दारावर केलेला सौदा तीन दिवसांत मोडण्याचा अधिकारही तेथील ग्राहकास १९७४ पासून आहे. आपल्या गावाकडे बहुतेक घरांस विमाच नाही, वस्तुतः 'भारत गृह रक्षा' ही वादळ व पूर दोन्ही धरणारी प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध आहे. तेव्हा बारामतीत जे बुडते ते घरच्या माणसाचे स्वतःचे.

कायदा आपल्याकडेही आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये मालाच्या प्रतीविषयी खोटे सांगणे आणि बिल न देणे या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. परंतु नाव, पत्ता आणि बिल नसलेल्या माणसावर तक्रार लिहावयाची कशी? म्हणून शहरातून पैसे पाठविणाऱ्याने निदान एवढे करावे: पहिल्या दिवशी ताडपत्रीपुरते पाठवावे, छपराची छायाचित्रे चारी बाजूंनी मागवावीत, पत्र्याची जाडी व संख्या लिहिलेले कच्चे नव्हे तर पक्के बिल पाहावे, माल दारात उतरून वजन झाल्यावर मालाचे द्यावे, आणि मजुरीचा काही भाग पहिला चांगला पाऊस होईपर्यंत राखून ठेवावा. बाहेरगावचा प्रत्येक कारागीर लबाड असतो असे मी मुळीच म्हणत नाही. वादळानंतर गावचा वेल्डर दहा ठिकाणी अडकलेला असतो आणि बाहेरच्यावाचून निभावतही नाही. प्रामाणिक माणूस या अटींस सहसा हरकत घेत नाही.

आणखी एक. काम झाल्यावर जुने पत्रे "फुकट उचलून नेतो" असे जो म्हणेल, त्यास नेऊ देऊ नये. पंचनामा होईपर्यंत तो पुरावा आहे. नंतर भंगारवाला त्यांचे वजनावर पैसे देतो, आणि त्यातले सरळ राहिलेले पत्रे गोठ्यास अजून कितीतरी वर्षे चालतात.