पडदा पुसला, पण मजकूर गेला का?

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरील वारली घरे तुम्ही पाहिली असतील. कुडाच्या भिंतीला शेणामातीचा लेप, त्यावर गेरू आणि मग तांदळाच्या पिठाने काढलेली पांढरी चित्रे! भिंत पुन्हा सारवली की जुने चित्र दिसेनासे होते. पण ते असते कुठे? नव्या लेपाखाली! ही गोष्ट ध्यानात ठेवा. आज आपल्याला संगणकाचा पडदा ‘सारवायचा’ आहे.

लिनक्स चालणाऱ्या संगणकावर टर्मिनल उघडा. येथे चित्रांवर बोट ठेवायचे नसते, आज्ञा लिहून द्यायची असते. पाच-दहा आज्ञा दिल्या की पडदा अक्षरांनी भरून जातो. आता सी, एल, ई, ए, आर ही अक्षरे लहान लिपीत टंकित करून एंटर दाबा. पडदा स्वच्छ! विंडोजच्या आज्ञा-खिडकीत हेच काम सी, एल, एस ही तीन अक्षरे करतात.

याहून सोपा मार्ग म्हणजे कंट्रोल दाबून धरायचे आणि एल दाबायचे. एलच का बरे? इंग्रजी मुळाक्षरे मोजून पाहा. एल बारावे येते. संगणकाच्या संकेतांत मोठ्या एलचा अंक ७६ आहे. कंट्रोलमुळे त्यातून ६४ वजा होतात आणि उरतात १२. पडदे नव्हते, उत्तरे कागदावर छापली जात, तेव्हा १२ या अंकाचा अर्थ होता ‘नवे पान घ्या’. कागद गेला, खूण राहिली! पुढे १९७८ साली व्हीटी-१०० हे पडद्याचे टर्मिनल आले. पडदा पुसण्यासाठी त्याला पाठवीत ते संकेत आजची टर्मिनलेही ओळखतात.

आता एक प्रयोग करा. डी, ए, टी, ई ही आज्ञा द्या. तारीख दिसेल. मग कंट्रोल-एलने पडदा पुसा आणि वरच्या बाणाची कळ दाबा. काय दिसले? तुमची आज्ञा जशीच्या तशी परत आली! संगणकाने ती आपल्या यादीत टिपून ठेवली होती. पुष्कळ टर्मिनलांत मजकूर वर सरकवला, तर जुन्या ओळीही सापडतात.

यावरून दोन गोष्टी कळतात. पडदा पुसल्याने तुमची एकही फाइल नष्ट होत नाही, तेव्हा भिण्याचे कारण नाही. पण पडदा पुसला म्हणून गुपितही पुसले जात नाही. शाळेत एकाच संगणकावर अनेकजण पाळीपाळीने बसतात. कोणी आज्ञेच्या ओळीतच आपला पासवर्ड लिहिला आणि पडदा पुसून निर्धास्त उठला, तर मागून येणाऱ्याला तो एका बाणाच्या कळीने वाचता येईल. म्हणून पासवर्ड आज्ञेत कधीही लिहू नका. संगणक विचारील तेव्हाच द्या. आणि उठताना आपल्या खात्यातून बाहेर पडायला विसरू नका.

दिसत नाही ते नाहीच, असे समजू नका. सारवलेली भिंत हेच सांगते, नाही का?