कानांनी पाहिलेला चित्रपट

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्या, विषय आपल्या आवडीचा घ्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला. ट्रस्टच्या कार्याचा इतिहास सांगण्यास माझ्याहून अधिक जाणते सभासद आहेत. म्हणून मी माझ्या नित्याच्या अनुभवातला विषय घेतला आहे. काही वर्षांपूर्वी काचबिंदूने माझी दृष्टी गेली. तरीही आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखितात मी चित्रपटांची परीक्षणे लिहितो. निपाणीत हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांपैकी कित्येकांनी कधी आडून, कधी उघड विचारले आहे, "मास्तर, तुम्हाला दिसत नाही, मग सिनेमा चांगला की वाईट हे तुम्ही कशावरून ठरविता?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम एक प्रसंग सांगतो. २०१६ साली नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. थोरल्या मुलीला बरोबर घेऊन मी तो पाहावयास गेलो. (आम्ही अंध माणसेही 'पाहिला' असेच म्हणतो. वाचकांनी अडखळू नये.) मुलगी शेजारी बसून हलक्या आवाजात सांगत होती. पुढच्या रांगेतून दोनदा 'शुः' झाले, तेव्हा तिने आवाज आणखी खाली आणला. शेवटाकडे आर्चीच्या माहेरची माणसे तिच्या घरी येतात, येथवर मला सर्व कळले. नंतर एकाएकी पडद्याचा आवाजच थांबला. मला वाटले, यंत्र बिघडले. पण कोणी शिट्टी मारीना, कोणी ओरडेना. मी मुलीला विचारले, "काय झाले ग?" ती एवढेच म्हणाली, "अण्णा, थांबा. बाहेर सांगते."

बाहेर आल्यावर चहाच्या गाड्यापाशी तिने सांगितले. शेजारणीबरोबर गेलेले लहान मूल घरी परत येते. आईबाप रक्तात पडलेले असतात. मूल रडत रडत बाहेर चालू लागते आणि त्याच्या इवल्या पावलांचे रक्ताचे ठसे मागे उमटत जातात. हे सारे दिग्दर्शकाने मुद्दाम निःशब्द ठेवले होते. त्या थिएटरात शेवट न कळलेला मी एकटाच होतो. मुलीला काय बोल लावणार? "मला बोलवेचना हो," असे ती म्हणाली, आणि ते खरेच होते. पण त्या दिवसापासून मला एक गोष्ट पटली. अंधाला सांगावयाचे तर नुसती माया असून भागत नाही. सांगणे हे एक शास्त्र आहे आणि ते शिकावे लागते.

या शास्त्राला इंग्रजीत 'ऑडिओ डिस्क्रिप्शन' म्हणतात. आपण त्याला श्राव्य वर्णन म्हणू. कल्पना मुळीच परकी नाही. व्यासांनी धृतराष्ट्राला युद्ध पाहण्यासाठी दृष्टी देऊ केली होती. आप्तांचा संहार पाहावयास नको म्हणून त्याने ती नाकारली, तेव्हा ती संजयाला मिळाली. बाळ ज. पंडित यांचे क्रिकेटचे मराठी धावते समालोचन ज्यांनी रेडिओला कान लावून ऐकले, त्यांनीही मैदान कानांनीच पाहिले. शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' काढला, त्या मूकपटांच्या काळात पडद्यावरील पाट्या वाचता न येणारे प्रेक्षक पुष्कळ असत. कोणी अक्षरओळख असलेला गृहस्थ त्या मोठ्याने वाचून दाखवी. म्हणजे एके काळी डोळस माणसालाही थिएटरात सांगणारा लागत असे. १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, मराठी चित्रपट बोलू लागला आणि त्या सांगणाऱ्याचे काम संपले. आम्हाला मात्र तो अजूनही हवा आहे.

आजच्या पद्धतशीर वर्णनाची सुरुवात अमेरिकेत झाली. १९७०च्या दशकात ग्रेगरी फ्रेझर यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात यावर प्रबंध लिहिला. १९८१ साली वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज या नाट्यगृहात मार्गारेट आणि कोडी फॅनस्टील यांनी नाटकाचे वर्णन अंध प्रेक्षकांच्या कानात पोहोचविण्यास आरंभ केला. मार्गारेटबाईंची स्वतःची दृष्टी अधू होती. १९९० साली बॉस्टनच्या एका केंद्राने दूरचित्रवाणीवर ही सोय नियमित सुरू केली. आपल्या देशात दिल्लीच्या सक्षम ट्रस्टने हिंदी चित्रपटांसाठी हे काम अंगावर घेतले.

वर्णन तयार कसे होते, ते थोडक्यात सांगतो. लेखक चित्रपट पुन्हा पुन्हा पाहतो आणि दोन संवादांच्या मधल्या रिकाम्या जागा सेकंदांत मोजतो. त्या जागेत मावेल एवढेच वाक्य लिहावयाचे. तीन सेकंदांत फार तर सहासात शब्द बसतात. संवादावर आवाज चढवावयाचा नाही. गाण्यावर शक्यतो बोलावयाचे नाही. वर्तमानकाळात सांगावयाचे. कोण, कोठे, केव्हा आणि काय करतो, हे आधी सांगावे. साडीचा रंग आणि भिंतीवरचे कॅलेंडर मागाहून, तेही कथेला लागत असेल तर. ज्या पात्राचे नाव प्रेक्षकाला अजून कळलेले नाही, ते अंधाला आधी सांगून रहस्य फोडावयाचे नाही. मजकूर तयार झाला की जाणत्या अंध व्यक्तीकडून तपासून घ्यावा, मग शांत आणि स्वच्छ आवाजात ध्वनिमुद्रण करावे. थिएटरात हे वर्णन एका कानातील यंत्रातून फक्त ऐकणाऱ्यालाच ऐकू येते. अलीकडे मोबाइलमधील ॲप पडद्याचा आवाज ओळखून वर्णनाची नेमकी जागा धरते. मग पुढच्या रांगेने 'शुः' म्हणण्याचे कारणच उरत नाही.

या सर्वांत कठीण नियम एक आहे. दिसते ते सांगावे, त्याचा अर्थ सांगू नये. 'सासूबाई रागावल्या' असे सांगितले तर मी दुसऱ्याचा निष्कर्ष ऐकला. 'सासूबाईंनी ताट पुढे सरकवले आणि न जेवता उठल्या' असे सांगितले तर राग मला माझा मला कळला. ऐकून काय समजावयाचे ते ऐकणाऱ्याकडे राहिले पाहिजे. डोळ्यांचे काम उसने घेता येते, मत उसने घेऊ नये. माझ्या परीक्षणाचा सारा आधार एवढाच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अमेरिकेत टॉमी एडिसन या जन्मांध गृहस्थांनी २०११ पासून 'अंध चित्रपट-समीक्षक' या नावाने परीक्षणे करून पुष्कळ श्रोते मिळविले. बव्हंशी वर्णनाचा आधार न घेता, चित्रपट नुसता ऐकून किती उमगतो, हे ते मोकळेपणाने सांगत. ती एक कसोटीच आहे. संवाद बनावट असला, नटाचा आवाज खोटा लागला, पार्श्वसंगीताने प्रसंगावर कुरघोडी केली, मध्यंतरानंतर कथा रेंगाळली, तर हे सारे अंधाला प्रत्यक्ष कळते, आणि कधी कधी डोळसाच्या आधी कळते. कारण देखण्या चेहऱ्याने आमची समजूत निघत नाही. छायाचित्रण, मुद्राभिनय, नेपथ्य हे मात्र मला वर्णनातूनच मिळते. म्हणून परीक्षणात मी दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवतो. जे ऐकले ते 'ऐकले' म्हणून लिहितो, जे सांगितले गेले ते 'वर्णनानुसार' म्हणून लिहितो. वर्णन कसे होते यावरही चार ओळी असतातच. वाईट वर्णनाने चांगला चित्रपट बुडतो, आणि तो दोष दिग्दर्शकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४) घ्या. नातवाचा जीव वाचविण्यासाठी त्याचे डोळे काढावे लागणार असतात, म्हणून आजोबा त्याला इस्पितळातून बाहेर नेऊन एक दिवस शहर दाखवितात. येथे नातू काय काय पाहतो तीच कथा आहे. वर्णनकाराने 'दोघे शहरात फिरतात' एवढेच म्हटले, तर त्या दिवसाचे मोल आमच्यापर्यंत पोहोचले नाही, असे मी स्पष्ट लिहीन.

आणखी एक अधिकार मी आपला मानतो. पडद्यावर अंध माणूस आला की तो खरा वाटतो की खोटा, हे सांगण्याचा. सई परांजपे यांच्या 'स्पर्श' (१९८०) या चित्रपटातील अंध मुख्याध्यापकाला दया नको असते. म्हणून तो आम्हाला आपला वाटतो. उलट विनोदासाठी वस्तूंवर आदळणारे अंध पात्र आम्ही फार सोसले. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पडद्यावर अपंगांचे चित्रण कसे असावे याविषयी मार्गदर्शन केले. अपंगांची टवाळी करणारा विनोद आणि अपंगत्व समजावून देणारा विनोद यांत त्याने भेद केला. त्यांच्याविषयी काही करताना त्यांना सहभागी करून घ्यावे, यावरही भर दिला.

आपल्या गावाचेही एक उदाहरण देतो. १९८२ साली युगांतर या स्त्रियांच्या चित्रपटगटाने निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. या बायकांचे बोलणे मला ऐकू येते, त्यांचा ठसकाही कळतो. पण वखारीतली धूळ ऐकू येत नाही. ती सांगावीच लागते, आणि सांगणाऱ्याला वखार ठाऊक असावी लागते. परगावचा माणूस 'कारखान्यात स्त्रिया काम करीत आहेत' असे म्हणून मोकळा होईल; निपाणीचा माणूस डोक्याला, नाकातोंडाला बांधलेला पदर सांगेल. म्हणून मराठी चित्रपटाचे वर्णन मराठीत हवे, आणि त्या त्या मुलखाच्या मराठीत असेल तर फारच उत्तम. सीमाभागात कानडीही आपल्या कानांवर रोज पडते. कानडी चित्रपटाचे वर्णन कानडीत व्हावे, ही मागणीही तितकीच आपली आहे.

कायदा आता आपल्या बाजूस आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ४२ मध्ये श्राव्य वर्णनाचा उल्लेख आहे. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'पठाण'च्या निर्मात्यांना ओटीटीवरील आवृत्तीसाठी वर्णन आणि उपशीर्षके तयार करण्यास सांगितले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने थिएटरांतील चित्रपटांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. एकाहून अधिक भाषांत प्रमाणित होणाऱ्या चित्रपटांना सहा महिन्यांची मुदत मिळाली, इतरांना दोन वर्षांची, म्हणजे मार्च २०२६ पर्यंतची. एकाच भाषेत निघणारा लहान मराठी चित्रपट या दुसऱ्या रांगेत बसला. नियम झाला की सोय आपोआप होते, असा आपला अनुभव नाही. मागणारा असावा लागतो. २०१५ साली नेटफ्लिक्सने 'डेअरडेव्हिल' ही मालिका काढली. तिचा नायक अंध, पण अंधांसाठी वर्णन नव्हते! प्रेक्षकांनी आवाज उठविला आणि त्याच एप्रिल महिन्यात वर्णन सुरू झाले.

मग आपल्या ट्रस्टने काय करावे? आजवर ट्रस्टने अंधांना पांढरी काठी दिली, औषधपाणी केले, शिष्यवृत्त्या दिल्या. त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. महोत्सवाच्या वर्षी मी आणखी तीन गोष्टी सुचवितो. पहिली, सभासदांच्या घरच्या वाचनाची आवड असलेल्या आठदहा मुलामुलींना वर्णन लिहिण्याचे आणि बोलण्याचे शिक्षण द्यावे. दुसरी, महिन्यातून एकदा ट्रस्टच्या सभागृहात एखादा मराठी चित्रपट वर्णनासह दाखवावा आणि बेळगाव-निपाणी परिसरातील अंध बंधुभगिनींना निमंत्रण द्यावे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने ना नफा तत्त्वावर काम करणाऱ्या संस्थांना अपंगांसाठी सुलभ आवृत्ती करण्याची सवलत दिली आहे. तिच्या अटी वकील सभासदांनी पाहून घ्याव्यात. तिसरी, खेळ संपल्यावर त्यांना चहा देऊन बोळवण करू नये. चित्रपट कसा वाटला हे विचारावे आणि त्यांचे मत लिहून घ्यावे. 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ साली सुरू झाले, तेव्हापासून मराठीत बोटांनी वाचावयास नियमित काही मिळू लागले. वाचणारा पुढे लिहितोही, हे निराळे सांगावयास नको.

माझी मुलगी आता या कामात पुष्कळ तयार झाली आहे. मागच्या वर्षी आम्ही 'सैराट' घरी पुन्हा पाहिला. शेवट आला, आवाज थांबला. तिने एक श्वास घेतला आणि सावकाश सांगितले, "मूल दारात उभे आहे. आत पाहते आहे." पुढचेही तिने सांगितले, एकही शब्द जास्त नाही. मग आम्ही दोघेही बराच वेळ गप्प बसलो. या वेळी शेवट मला इतरांबरोबरच कळला.