सहलीस कोणता कॅमेरा न्यावा ?

सहकुटुंब सहलीचा बेत ठरला, कीं डबे कोणते, छत्र्या किती, गाडी कोणाची, या प्रश्नांची चर्चा घरांत मोकळेपणानें होते; परंतु कॅमेरा कोणता न्यावयाचा हा प्रश्न बहुधा एकाच माणसाच्या मर्जीवर सोपविला जातो. ज्यानें तो हौसेनें विकत घेतला, त्यानेंच तो गळ्यांत अडकवून दिवसभर मिरवावा, असा जणूं शिरस्ता पडला आहे. त्याचा परिणाम सहलीच्या दिवशीं दिसत नाहीं, पांच-सात वर्षांनीं दिसतो. चित्रें शेंकड्यांनीं असतात. त्यांत कारंजीं असतात, रंगीत मनोरे असतात, मुलें असतात. पण ज्यानें तीं काढलीं तो गृहस्थ कोठेंच नसतो, आणि पिशव्या सांभाळीत बांकावर बसलेली आजीही नसते. पुढें घरांतील एकादें वडील माणूस जगाचा निरोप घेतें, तेव्हां भिंतीवर लावण्याजोगा फोटो मिळत नाहीं, आणि कोणाच्या तरी लग्नांतल्या गर्दींतून त्याचा चेहरा कापून मोठा करून घ्यावा लागतो. हा अनुभव पुष्कळ घरांना आहे. म्हणून कॅमेऱ्याची निवड करतांना किंमत आणि आंकडे यांच्या आधीं हा हिशेब मांडला पाहिजे.

पूर्वीं निवडीचा प्रश्नच नव्हता. १८८८ सालीं जॉर्ज ईस्टमन यानें कोडॅक नांवाची पेटी विकावयास काढली, तेव्हां तिच्यांत शंभर चित्रांची फिल्म आधींच भरलेली असे, आणि ती संपली कीं सबंध पेटीच कारखान्याकडे धाडावी लागे. १९०० मध्यें एक डॉलर किंमतीची ब्राउनी आली आणि फोटो काढणें हा मुलाबाळांचाही खेळ झाला. मुंबईंत मात्र त्याच्या कितीतरी आधीं, १८५४ सालींच, छायाचित्रकारांची सोसायटी स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे तिचे सभासद होते. पण तो मान्यवरांचा छंद. मध्यमवर्गाच्या कपाटांत कॅमेरा शिरला तो पुढें आग्फा क्लिक-थ्रीच्या रूपानें. त्याच्या एका रोलांत बारा चित्रें निघत. बारा म्हणजे बाराच. म्हणून घरांतील प्रत्येक माणूस एकदां तरी चौकटींत आलें पाहिजे, याची काळजी आपोआप घेतली जाई.

आज एका घरांत चार-पांच कॅमेरे असतात. मोठ्या माणसांचे मोबाइल, मुलाच्या बारशाला घेतलेला भिंगें बदलतां येणारा मोठा कॅमेरा, कोणी भेट दिलेला काडेपेटीपेक्षां थोडा मोठा असा जलाभेद्य ॲक्शन कॅमेरा, आणि खणांत पडलेला जुना डिजिटल कॅमेरा. यांतून निवड करावयाची, तर सहल कोठें जावयाची हें आधीं पाहावें लागतें.

एक उदाहरण घेऊं. कल्याणहून मुरबाडमार्गें माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोकावडें लागतें. समजा, आजी-आजोबा टोकावड्यास राहतात, मुलगा आणि सून नोकरीनिमित्त डोंबिवलीस, आणि श्रावणांतील सुटीला नातवंडें गांवीं जमलीं आहेत. माळशेजचे धबधबे त्यांना घरचेच. त्यांना हवें आहे खोपोलीजवळचें, एप्रिल २०१३ मध्यें उघडलेलें इमॅजिका, म्हणजे ज्यास सर्व जण थीम पार्क म्हणतात तें मनोरंजन-उद्यान. मुरबाड, म्हसा, कर्जत, खोपोली असा रस्ता. वाटेंतलें म्हसा हें पौष पौर्णिमेस भरणाऱ्या म्हसोबाच्या जत्रेमुळें आणि गुरांच्या बाजारामुळें प्रसिद्ध आहे. तेव्हां पाळणे, गर्दी आणि दिवसभराची पायपीट या गोष्टी आजोबांना नव्या नाहींत. नवा आहे तो वेग आणि काळोख.

अशा उद्यानांत कॅमेऱ्यापुढें चार अडचणी येतात. पहिली लख्ख उन्हाची. दुपारीं डोक्यावरचें ऊन टोपीच्या कडेमुळें चेहऱ्यावर काळी पट्टी ओढतें. येथें महागडा कॅमेराही तेवढाच हतबल असतो, आणि माणसांना चार पावलें सांवलींत नेणें हाच उपाय असतो. याहून अधिक त्यावर बोलण्याचें कारण नाहीं.

दुसरी अडचण वेगाची. नायट्रो नांवाचा तेथील मोठा रोलर-कोस्टर ताशीं १०० किलोमीटरांच्या घरांत धांवतो. म्हणजे सेकंदास सुमारें २८ मीटर. शटर सेकंदाचा तिसावा भाग उघडें राहिलें, तर तेवढ्या अवधींत गाडी जवळजवळ एक मीटर पुढें सरकते आणि चित्रांत नुसता रंगाचा फराटा उमटतो. हजाराव्या भागांत ती तीनच सेंटिमीटर सरकते आणि चेहरे ओळखूं येतात. भर उजेडांत हें काम मोठा कॅमेरा उत्तम करतो, मोबाइलही बरें करतो. पण खालीं उभें राहून वर पाहणाऱ्यास डब्यांतील आपलें मूल बोटाएवढेंच दिसतें. जवळून चेहरा हवा असेल, तर अशा मोठ्या उद्यानांत रुळांलगत बसविलेले कॅमेरे असतात, त्यांनीं टिपलेली प्रत विकत घ्यावी. ती महाग वाटते खरी. तथापि भीति आणि आनंद एकाच तोंडावर दाखविणारें चित्र दुसऱ्या कोणत्याही रीतीनें मिळत नाहीं. वेगवान खेळांवर सुटी वस्तु हातांत घेऊन बसूं देत नाहींत, आणि तें योग्यच आहे. त्या वेगांत निसटलेला मोबाइल म्हणजे खालच्या माणसाच्या डोक्यावर पडणारा दगड. डिस्नेच्या उद्यानांतून २०१५ सालीं सेल्फीच्या काठीला बंदी झाली, ती अशाच कारणासाठीं.

तिसरी अडचण अंधाराची, आणि निवडीचा खरा कस येथें लागतो. ‘डीप स्पेस’सारखे खेळ बंदिस्त काळोखांत चालतात. तेथें आंत चित्र काढावयाचें नसतेंच. परंतु बाहेरच्या अंधुक रांगेंत, नाट्यगृहांत आणि सायंकाळच्या रोषणाईंत काढावेसें वाटतें. मोठा कॅमेरा अंधारांत नेहमींच सरस, असा समज आहे. तो अर्धवट खरा आहे. कॅमेऱ्यांत प्रकाश टिपणारा जो सेन्सर असतो, तो घरगुती मोठ्या कॅमेऱ्यांत सुमारें ३६५ चौरस मिलिमीटरांचा असतो. चांगल्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यांत सत्तरच्या आसपास. म्हणजे मोठा कॅमेरा पांच पटींनीं पुढें. पण प्रकाश आंत येतो भिंगाच्या तोंडावाटे. मोबाइलच्या भिंगाचा आंकडा १.८ च्या जवळ असतो. मोठ्या कॅमेऱ्याबरोबर दुकानदार जें झूम भिंग देतो, त्याचा ३.५. हा आंकडा जितका लहान, तितकें तोंड मोठें, आणि प्रकाशाचें प्रमाण आंकड्याच्या वर्गानें बदलतें. ३.५ ला १.८ नें भागून वर्ग केला, तर पावणेचारच्या आसपास येतो. म्हणजे पांचपटीचा तोरा सव्वा-दीडपटीवर येऊन थांबतो. भिंग पुढें लांबविलें कीं आंकडा ५.६ वर जातो आणि प्रकाश आणखी अडीचपटीनें घटतो. शिवाय मोबाइल एका दाबांत अनेक चित्रें घेऊन त्यांचें एक चित्र करतो. तो गणिती फायदा वेगळाच. म्हणून दुकानांतून आलेल्या भिंगासह पाऊण किलोचें ओझें अंधारासाठीं वागविणें हा भ्रमाचा भार आहे. मोठा कॅमेरा न्यावयाचाच असेल, तर त्यावर १.८ आंकड्याचें, झूम नसलेलें लहानसें भिंग लावून न्यावा. मग ती पांचपट पुन्हां पदरांत पडते.

चौथी अडचण पाण्याची. श्रावणांत आकाशांतून पाऊस, आणि ‘राजासॉरस’च्या होडींत खालून पाणी. (राजासॉरस हा केवळ खेळवाल्यांच्या कल्पनेंतला प्राणी नव्हे, नर्मदेच्या खोऱ्यांत सांपडलेल्या जीवाश्मांवरून २००३ सालीं शास्त्रज्ञांनीं हें नांव दिलें. मुलांना हें आधीं सांगितलें, तर रांगेंतला वेळ बरा जातो.) मोबाइलच्या खोक्यावर ‘आय-पी-६८’ असें लिहिलेलें पाहून पुष्कळ जण निर्धास्त होतात. तें आश्वासन नव्या फोनाचें, गोड्या व निश्चल पाण्याचें आणि प्रयोगशाळेंतलें असतें. क्लोरिनच्या पाण्याचें नसतें. फोन एकदां पडला किंवा दोन वर्षें वापरला, कीं त्याच्या सांध्यांतील रबर पूर्वींसारखें राहत नाहीं. आणि पाण्यानें झालेली हानि बहुतेक कंपन्यांच्या हमींत बसत नाहीं. या कामासाठीं ॲक्शन कॅमेरा योग्य. गोप्रोच्या २०१६ नंतरच्या मुख्य मालिकेंतील कॅमेरे वेगळ्या पेटीविना दहा मीटर खोल पाण्यांत चालतात. आणखी एक लहान खबरदारी: वातानुकूलित दालनांतून कॅमेरा एकदम पावसाळी हवेंत आणला, तर भिंगावर बाष्प धरतें. तें पुसून जात नाहीं, पुन्हां पुन्हां धरतें. पंधरा-वीस मिनिटें कॅमेरा पिशवींतच राहूं द्यावा.

या चारही अडचणींचा विचार केला, तरी आजी अजून बांकावरच आहे. येथें कॅमेऱ्याच्या गुणांपेक्षां त्याच्या स्वभावाकडे पाहावें लागतें. मोठा कॅमेरा एकाच माणसाला ओळखतो. सुनेच्या हातीं दिला तर ती संकोचते, आजोबांच्या हातीं दिला तर ते तो पडेल म्हणून भितात, आणि वाटेनें जाणाऱ्या परक्या माणसास दिला तर तो कोणतें बटण दाबावें हें विचारण्यांत हंसू मावळतें. मोबाइल सर्वांना ठाऊक असतो. नातवंडानें आजीच्या हातीं देऊन ‘हें दाब’ म्हटलें कीं काम होतें. पूर्वींच्या जत्रांतून पडद्यावर मोटार किंवा विमान रंगविलेला फोटोवाला बसे, त्याच्या कलेविषयीं फारसें सांगण्यासारखें नाहीं. पण त्याच्यासमोर सबंध कुटुंब उभें राही, कारण कॅमेरा धरणारा घराबाहेरचा होता. तोच गुण आज उसना घ्यावा. उद्यानाच्या दारांतच, कपडे कोरडे आणि मुलें प्रसन्न असतांना, कोणास तरी विनंति करून सर्वांचें एक चित्र काढून घ्यावें. सायंकाळपर्यंत तें टाळलें, तर एक मूल झोपलेलें असतें आणि दुसरें रडत असतें.

तेव्हां टोकावड्याच्या या मंडळींनीं, जलाभेद्य पिशवींत ठेवून, एक चांगला मोबाइल हा मुख्य कॅमेरा मानावा. त्याची जबाबदारी दर दोन तासांनीं दुसऱ्याकडे द्यावी, आणि ज्याच्याकडे तो असेल त्यानें बांकावर बसलेल्यांचें निदान एक चित्र घ्यावें. जोडीला अतिरिक्त बॅटरी, म्हणजे पॉवर-बँक, आणि एक मऊ सुती फडकें. कारण बटाटेवड्याचें तेल लागलेलें भिंग धुक्यांतून पाहिल्यासारखें पाहतें, आणि मोबाइलला नांवें ठेवली जातात. ॲक्शन कॅमेरा थोरल्या नातवाच्या स्वाधीन करावा. मोठा कॅमेरा घरीं राहावा. अपवाद एकच: घरांत कोणाला छायाचित्रणाची मनापासून आवड असेल, तर त्याच्या हातून तो काढून घेणें हा अन्याय होईल. त्यानें तो सकाळचा पहिला तास आणि सायंकाळचा शेवटचा तास वापरावा, आणि मधल्या वेळांत तो लॉकरमध्यें ठेवून मुलांबरोबर भिजावें. मोठा कॅमेरा व तिपाई आंत नेऊं देतात कीं नाहीं, हें निघण्यापूर्वीं फोन करून विचारावें.

घरीं ठेवलेल्या कॅमेऱ्याचीही थोडी सेवा करावी लागते. कोंकणपट्टीच्या दमट हवेंत कपाटांतल्या भिंगांवर बुरशी चढते, आणि ती एकदां कांचेंत रुजली कीं सहजीं निघत नाहीं. हवाबंद डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह भिंग ठेवणें हा स्वस्त उपाय आहे. चामड्याच्या पेटींत ठेवूं नये. चामडें ओल धरतें.

सहलीहून परतल्यावर तीनशें-चारशें चित्रें फोनांत असतात, आणि तेथेंच राहतात. टोकावड्याहून माळशेजच्या दिशेनें गेलें, कीं वैशाखरें लागतें. तेथून नाणेघाटाची वाट चढते. तेथील लेण्यांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं सातवाहन राजकुळांतील माणसांच्या मूर्ति ओळीनें कोरल्या होत्या: सिमुक, सातकर्णि, नागनिका, राजकुमार. एका घराण्याचें तें सामुदायिक चित्रच होतें. मूर्ति नष्ट झाल्या, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या. पण डोक्यांवर कोरलेल्या नांवांवरून कोण कोठें उभें होतें, हें आजही सांगतां येतें. आजच्या घरांत याच्या उलट होतें. चेहरे स्वच्छ असतात, आणि तिसऱ्या पिढीला नांवें सांगणारें कोणी नसतें.

म्हणून परतल्यावर आठवड्याच्या आंत, क्लिक-थ्रीच्या रोलाप्रमाणें, बारा चित्रें निवडावीं आणि कागदावर छापून घ्यावीं. मागें नांवें, ठिकाण आणि तारीख लिहावी. हल्लींच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाहीं आणि साधी शाई पसरते, तेव्हां न पुसणाऱ्या शाईचें पेन वापरावें व तें वाळेपर्यंत चित्रें एकमेकांवर ठेवूं नयेत. एक संच डोंबिवलीस राहील, एक टोकावड्यास जाईल. ज्या चित्रांत आजी आहे, त्याची एक प्रत जास्त काढावी.